नॅशव्हिलहून ऑस्टिनपर्यंत

अमेरिकेस जाणारी आपलीं माणसें बहुधा न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती, नायगाऱ्याचा धबधबा आणि वॉशिंग्टनचीं संग्रहालयें एवढें पाहून, आणि उरलेले दिवस मुलाच्या किंवा मुलीच्या घरीं नातवंडें सांभाळून परत येतात. दक्षिणेकडील राज्यें त्यांच्या वाटेवर येत नाहींत. टेनेसीची राजधानी नॅशव्हिल हें शहर आपल्यापैकीं किती वाचकांनीं नकाशावर शोधलें असेल कोण जाणे! परंतु ज्याला गाण्याची आवड आहे, आणि एखादें गाणें कोणत्या मातींतून उगवतें हें डोळ्यांनीं पाहण्याची हौस आहे, त्यानें नॅशव्हिलमध्यें निदान दोन दिवस काढावे, आणि तेथून नैर्ऋत्येस टेक्सस राज्यांतील ऑस्टिन शहरापर्यंत जावें, अशी माझी शिफारस आहे. हें अंतर मोटारीच्या रस्त्यानें साडेआठशें मैलांच्या आसपास भरतें. पन्नास वर्षांपूर्वीं विली नेल्सन नांवाचा एक माणूस ह्या वाटेनें आपल्या गांवाकडे परत गेला, आणि तेथें त्यानें एक तबकडी भरली. तिचाच माग काढीत मी हा प्रवास केला.

नॅशव्हिल हें कंबरलंड नदीच्या कांठीं वसलेलें आहे. ह्या शहराला 'दक्षिणेचें अथेन्स' म्हणवून घेण्याची मोठी हौस. १८९७ सालीं येथें भरलेल्या प्रदर्शनासाठीं अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची पुऱ्या मापाची प्रतिकृति उभारण्यांत आली; पुढें ती पक्क्या बांधकामांत पुन्हां बांधली, ती अजून तेथील सेंटेनिअल पार्कमध्यें उभी आहे. विद्यापीठें, धार्मिक ग्रंथांचे छापखाने आणि विम्याच्या कंपन्या ह्यांचा हा गांव. डोंगरांतले अडाणी लोक फिडल आणि बँजो घेऊन येतात आणि त्यांच्यामुळें आपल्या शहराचें नांव जगांत होतें, ही गोष्ट तेथील प्रतिष्ठितांना कित्येक वर्षें मानवली नाहीं. आपल्याकडे तमाशाच्या फडाविषयीं पांढरपेशा पुणेकराचें जें मत एके काळीं होतें, तेंच हें, असें समजावें.

ह्या गाण्याला 'कंट्री' संगीत म्हणतात. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या वसाहतवाल्यांचे पोवाडे, आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचें बँजो हें वाद्य व त्यांची लय, आणि खेड्यांतल्या चर्चमधील प्रार्थनागीतें ह्या तिहींच्या मिश्रणांतून तें झालें. त्याला देशभर पसरविलें तें मात्र एका विमा कंपनीनें! नॅशव्हिलच्या एका विमा कंपनीनें १९२५ सालीं डब्ल्यूएसएम हें नभोवाणी केंद्र काढलें. तीं तीन अक्षरें म्हणजे 'आम्ही लाखोंचें रक्षण करतों' अशा अर्थाच्या कंपनीच्या ब्रीदवाक्याचीं आद्याक्षरें होत. त्याच वर्षीं केंद्रावर शनिवार रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचें नांव पुढें 'ग्रँड ओल ऑप्री' असें पडलें, आणि तो कार्यक्रम अद्यापि चालू आहे. शनिवारीं रात्रीं शेतकऱ्यानें गाणें ऐकावें आणि सोमवारीं एजंटानें त्याच्या दारांत उभें राहावें, असा हा व्यवहार होता.

ऑप्री १९४३ पासून १९७४ पर्यंत ज्या रायमन सभागृहांत होत असे, तें मीं प्रथम पाहिलें. टॉमस रायमन नांवाच्या आगबोटीच्या मालकानें, एका प्रवचनकाराच्या प्रवचनानें हृदय पालटल्यावर, प्रार्थनासभांसाठीं १८९२ सालीं हें बांधून घेतलें. लाल विटांची इमारत, उंच निमुळत्या खिडक्या, आणि आंत ओक लाकडाचीं लांबलचक बांकें. खुर्च्या नाहींत, देवळांत बसल्यासारखें बांकावर बसावयाचें. गाणें हलकेंफुलकें असलें तरी बैठक प्रार्थनेची, ह्यामुळें की काय, तेथें गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलूं लागतो. १९७४ च्या १६ मार्च रोजीं ऑप्री शहराबाहेर नव्या, भव्य इमारतींत गेली. त्या रात्रीं अध्यक्ष निक्सन जातीनें हजर होते व त्यांनीं पियानोही वाजविला. जुन्या रंगभूमीच्या फळ्यांतून सहा फूट व्यासाचें एक वर्तुळ कापून नव्या रंगमंचावर बसविलें आहे. आजही गाणारा त्यावर उभा राहतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांतील देवघराची चौकट नव्या बंगल्यांत आणून बसवितात, त्यांतलाच हा प्रकार. मला तो फार आवडला.

रायमनच्या मागच्या गल्लींत एक मद्यपानगृह आहे. कार्यक्रम चालू असतांना गायक-वादक मागच्या दारानें तेथें जात, आणि ज्यांना अजून कोणी गायक म्हणून ओळखत नव्हतें असे नुसते गीतकारही तेथेंच बसून असत. १९६० सालीं टेक्ससहून नॅशव्हिलला आलेला सत्तावीस वर्षांचा विली नेल्सन हा त्यांतला एक. ह्यापूर्वींच त्यानें टेक्ससमध्यें संसाराच्या ओढगस्तींत आपलीं दोन गाणीं विकून टाकलीं होतीं. एक ५० डॉलरला, दुसरें १५० डॉलरला. विकून टाकलीं म्हणजे हक्कासकट. दोन्ही गाणीं पुढें नांवाजलीं गेलीं. नॅशव्हिलला आल्यावर एका प्रकाशन संस्थेंत त्याला आठवड्याला ५० डॉलर पगारावर गाणीं रचण्याचें काम मिळालें, आणि १९६१ सालीं पॅट्सी क्लाइन ह्या गायिकेनें त्याचें 'क्रेझी' हें गाणें गाऊन अजरामर केलें. सारांश, कवि म्हणून त्याचें बस्तान बसलें. पण त्याला स्वतः गावयाचें होतें. आपल्या शाहिरांप्रमाणें आपली रचना आपल्याच तोंडानें लोकांपुढें मांडावयाची होती. घोडें पेंड खात होतें तें येथें.

त्याचें कारण समजण्यासाठीं 'स्टुडिओ बी' पाहावयास जावें लागतें. १९५७ सालीं बांधलेली, खिडक्या नसलेली ही ठेंगणी इमारत आतां कंट्री संगीताच्या संग्रहालयाच्या ताब्यांत आहे. आंत एक मोठी खोली, जुना पियानो, आणि जमिनीवर फुलीची एक खूण केलेली. त्या फुलीवर उभें राहून गाइल्यास आवाज सर्वांत गोड उमटतो, असें वाटाड्या सांगतो. आमच्यांतील एका धीट बाईनें तेथें उभें राहून दोन ओळी म्हटल्या, आणि त्या खरोखरच गोड लागल्या. येथें आणि जवळच्या दुसऱ्या एका ध्वनिगृहांत चेट अ‍ॅटकिन्स व ओवेन ब्रॅडली ह्या दोन कुशल निर्मात्यांनीं १९५५ नंतरच्या काळांत 'नॅशव्हिल साउंड' म्हणून जो थाट बसविला, त्याची कृति अशी : फिडल आणि बँजो ह्यांची खेडवळ करकर काढून टाकावयाची; त्या जागीं व्हायोलिनांचा ताफा आणावयाचा; मागें चार-सहा जणांचा मुलायम कोरस धरावयाचा; आणि गायकाचा आवाज ह्या सगळ्यावर साईप्रमाणें तरंगत ठेवावयाचा. रॉक-अँड-रोलच्या धडाक्यापुढें कंट्री संगीताचा धंदा बुडूं लागला होता; तो ह्या युक्तीनें वांचला, हें विसरतां येत नाहीं. नॅशव्हिल साउंड म्हणजे काय असें विचारल्यावर अ‍ॅटकिन्सनें खिशांतलीं नाणीं खुळखुळविलीं, अशी एक आख्यायिका आहे. तो स्वतः पहिल्या प्रतीचा गिटारवादक होता, म्हणून ह्या विनोदांत मला थोडी खंतही ऐकूं येते.

ह्या सांच्यांत नेल्सन बसेना. त्याचा आवाज नाकांतला, किंचित् कोरडा. आणि गाण्याची तऱ्हा तर अशी कीं, लयीच्या मागें रेंगाळावें, वाटलें तर पुढें जावें, आणि शेवटीं नेमकें ठिकाणावर यावें. ठुमरी ऐकलेल्या आपल्या कानांना ह्यांत वावगें कांहींच वाटणार नाहीं. आवर्तनांत मनमुराद हिंडून समेवर येणाऱ्याला आपण दाद देतों. परंतु घड्याळाप्रमाणें चालणाऱ्या वादकांच्या ताफ्याला आणि आधींच ठरवून लिहिलेल्या व्हायोलिनांना असला गाणारा म्हणजे संकटच. १९६४ नंतर अ‍ॅटकिन्सच्याच देखरेखीखालीं त्याच्या एकामागून एक तबकड्या निघाल्या. चांगल्या होत्या, पण खपल्या नाहींत. त्या मीं मुद्दाम ऐकल्या. भरजरी शालूंत गुंडाळलेल्या शेतकऱ्याकडे पाहून जें वाटेल, तें त्या ऐकतांना वाटतें.

१९७० च्या डिसेंबरांत नॅशव्हिलजवळ रिजटॉप येथें असलेलें त्याचें घर जळालें. आग लागली असतां तो आंत धांवला आणि दोन वस्तू बाहेर घेऊन आला : एक त्याची गिटार; दुसरी एक पुरचुंडी, जिच्यांत काय होतें तें कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत न लिहिलेलें बरें. गिटारीविषयीं मात्र लिहिलेंच पाहिजे. ही मार्टिन कंपनीची नायलॉनच्या तारांची गिटार त्यानें १९६९ सालीं घेतली, आणि एका चित्रपट-नटाच्या घोड्यावरून तिचें नांव 'ट्रिगर' असें ठेविलें. असलीं वाद्यें बोटांनीं छेडण्यासाठीं असतात. ह्यानें ती नखीनें वाजवून वाजवून तिच्या पोटाला भोंक पाडलें. आजही ती तशीच, भोंकासकट, त्याच्या हातांत दिसते. गवयाच्या जुन्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला तरी तो बदलीत नाहींत, सांधून घेतात. तेंच ममत्व येथें आहे.

घर जळाल्यावर नेल्सन टेक्ससला आला, आणि कांहीं काळानें ऑस्टिन येथें स्थायिक झाला. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पाठीशीं मोडलेले संसार व न खपलेल्या तबकड्या, आणि हातांत एक गिटार. आपल्या घरांतला कोणी असा परत आला असता तर ओसरीवर बसलेल्या मंडळींनीं काय म्हटलें असतें, हें सांगावयास नको.

मी टेक्ससला गेलों तो विमानानें. डॅलसच्या उपनगरांत माझा पुतण्या राहतो. माझ्या वडील बंधूंच्या पश्चात् वहिनी त्याच्याकडेच असतात. आज अमेरिकेंतील पुष्कळ मराठी घरांतून दिसतो तसा हा आटोपशीर संसार : सकाळीं मुलगा-सून कामावर, नातू शाळेंत, आणि दुपारभर त्या मोठ्या घरांत सत्त्याहत्तर वर्षांची एकटी बाई. ह्या घरापासून गार्लंड हें गांव अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. तेथील एका ध्वनिगृहांत १९७५ च्या जानेवारींत 'रेड हेडेड स्ट्रेंजर', म्हणजे 'तांबड्या केसांचा परका', ही तबकडी भरली गेली. नॅशव्हिल नाहीं, न्यूयॉर्क नाहीं, लॉस एंजेलिस नाहीं, गार्लंड! आपल्याकडे मुंबईचीं सगळीं ध्वनिगृहें सोडून एखाद्यानें कल्याण-उल्हासनगरांत जाऊन गाणें भरावें, तसें हें झालें. त्या गांवांतून आम्ही मोटारीनें एक फेरी मारली. पाहण्यासारखें तेथें विशेष कांहीं नाहीं.

परंतु तेथें जें घडलें तें विशेष होतें. कोलंबिया कंपनीशीं नेल्सननें नवा करार केला होता, आणि त्यांत एक कलम असें होतें कीं, काय गावें, कसें गावें, कोणाला साथीला घ्यावें, हें सर्व तोच ठरवील. ह्या एका कलमासाठीं तो पंधरा वर्षें थांबला होता असें म्हणतां येईल. त्यानें नॅशव्हिलचे पगारी वादक बोलाविले नाहींत. पियानोवर त्याची सख्खी बहीण बॉबी. तिच्याशिवाय रोज त्याच्याबरोबर गांवोगांव हिंडणारे चार-पांच साथीदार. व्हायोलिनांचा ताफा नाहीं, कोरस नाहीं. कित्येक ठिकाणीं नुसती ट्रिगर आणि आवाज. मध्येंच तोंडानें वाजविण्याच्या बाजाची एक लकेर. मग पियानो, एखाद्या जुन्या चर्चमधून ऐकूं यावा तसा. आणि ह्या सर्वांच्या मध्यें मोकळी जागा. ती मोकळी जागा हाच ह्या तबकडीचा नवा ध्वनि. सर्व खर्च सुमारें ४,००० डॉलर झाला, असें सांगतात. कंपनी ह्या कामाला ६०,००० देण्यास तयार होती.

नाट्यसंगीताच्या भरभराटीच्या दिवसांत ऑर्गन, सारंगी, तबला ह्यांच्या भरगच्च साथींत गाणें ऐकलेल्या पिढीनें पुढें भावगीताचा हळुवार, कमी स्वरांचा बाज प्रथम ऐकला, तेव्हां "हें काय गाणें? हें तर नुसतें बोलणें!" असें म्हणणारे थोडे नव्हते. कोलंबियाच्या कचेरींतही तेंच झालें. तेथील अधिकाऱ्यांना ही गाण्याची कच्ची प्रत वाटली. पक्की केव्हां भरणार, असा त्यांचा भाव होता. व्हायोलिनें घालून ती सुधारावी, असाही विचार निघाला. नेल्सनचा मित्र वेलन जेनिंग्स, जो स्वतः मोठा गायक होता, त्यावर चांगलाच खवळला. शेवटीं करारांतील कलमापुढें कंपनीचें कांहीं चालेना, आणि १९७५ च्या मे महिन्यांत तबकडी होती तशीच बाहेर पडली. त्यांतील एक गाणें, फ्रेड रोझ ह्यानें रचलेलें आणि १९४७ सालींच रॉय एकफनें गाइलेलें एक जुनें विरहगीत, त्या वर्षीं ऑक्टोबरांत कंट्री गाण्यांच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. गायक म्हणून नेल्सनचें हें पहिलें अव्वल गाणें. त्या वेळीं तो बेचाळीस वर्षांचा होता. गंमत पाहा : पंधरा वर्षें दुसऱ्यांना गाणीं रचून देणाऱ्या ह्या माणसाला यश मिळालें तें दुसऱ्याचें गाणें गाऊन!

तबकडीची गोष्ट आतां सांगतों, कारण तिच्यावरूनच आमच्या घरांत वाद झाला. पश्चिमेकडील एक धर्मोपदेशक. त्याची बायको त्याला सोडून जुन्या प्रियकराकडे जाते. हा शोधीत जाऊन दोघांनाही गोळी घालतो, आणि बायकोचा घोडा बरोबर घेऊन रानोमाळ भटकूं लागतो. एका गांवांत एक बाई त्या घोड्याला हात लावते. तो तिलाही मारतो, आणि घोडा चोरणाऱ्या बाईला मारलें म्हणून फांशी देतां येत नाहीं, ह्या न्यायानें मोकळा सुटतो. पुढें डेन्व्हरला त्याला दुसरी एक स्त्री भेटते, आणि शेवटीं त्याच्या मनाला कांहींशी शांति मिळते. ह्यांतील मूळ गाणें नेल्सनचें नव्हे; टेक्ससमधील एका नभोवाणी केंद्रावर मुलांसाठीं गाणीं लावण्याचें काम तो करीत असे, तेव्हांपासून त्याला तें ठाऊक होतें, आणि तेंच गाणें तो आपल्या मुलांना निजवितांना म्हणे. कोलोरॅडोहून ऑस्टिनला मोटारीनें परत येत असतां, ह्या गाण्याभोंवतीं एक अखंड कथा गुंफावी, असें त्याच्या बायकोनें सुचविलें. वाटेंतच त्यानें जुळवाजुळव केली : कांहीं गाणीं स्वतःचीं, कांहीं इतरांचीं जुनीं, मध्यें एक प्रार्थनागीताची धून. सबंध कथा पस्तीस मिनिटांच्या आंत संपते.

एका रविवारीं दुपारीं पुतण्यानें ती तबकडी लावली, आणि आम्हां दोघांना कडव्याकडव्याला अर्थ सांगत गेला. संपल्यावर वहिनी कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भावोजी, आवाज मायाळू आहे हो त्याचा. पण त्या दुसऱ्या बाईनें केलें काय? घोड्याला हात लावला, एवढेंच ना?"

"आई, तें गाणें आहे," पुतण्या म्हणाला. "जुना पोवाडा. तेव्हां तिकडे कायदाच तसा होता."

"कायदा पुरुषांनीं केलेला, आणि गाणेंही पुरुषानेंच म्हटलेलें," वहिनी म्हणाल्या. "त्याला पुढें बायको मिळाली, शांति मिळाली. त्या बाईचें नांव तरी कोणी सांगितलें का?"

मीं चिलया बाळाची कथा काढली. पोटच्या पोराला उखळांत कांडण्याची ती गोष्ट आपण पिढ्यान्पिढ्या मुलांना सांगत आलों; मग गोऱ्यांनीं मुलांना निजवितांना खुनाचें गाणें म्हटलें तर आश्चर्य कसलें? वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. "चिलया परत उठतो, भावोजी," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवावयास आंत गेल्या.

ह्यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलें नाहीं. (गाण्यांत ज्यानें खून केला तो स्वतः कधींही समाधानी दिसत नाहीं, त्याच्या दुःखाचा सूर अखेरपर्यंत परत परत येतो, हें खरें, पण तें उत्तर नव्हे.) माझें म्हणणें एवढेंच कीं, हा प्रश्न वहिनींना पडला तो त्या तबकडींतील मोकळ्या जागेमुळें पडला. नॅशव्हिलच्या व्हायोलिनांत ही कथा गुंडाळली असती, तर ती नुसतीच गोड लागली असती, आणि मेलेल्या बाईची आठवण कोणालाच झाली नसती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही ऑस्टिनकडे निघालों. वहिनीही येतों म्हणाल्या. डॅलसच्या दक्षिणेस सत्तरेक मैलांवर अ‍ॅबट हें खेडें लागतें. सपाट काळी जमीन, मक्याचीं आणि कापसाचीं शेतें. वहिनींना तर विदर्भांत आल्यासारखें वाटलें. १९३३ सालीं नेल्सनचा जन्म येथें झाला. आईबाप सोडून गेल्यामुळें त्याला व त्याच्या बहिणीला आजी-आजोबांनीं वाढविलें. आजोबा लोहारकाम करीत. गिटार त्यांनींच नातवाला सहाव्या वर्षीं दिली. भावंडें कापूस वेंचीत, आणि शेतांत एका बाजूनें निग्रो मजुरांचीं तर दुसऱ्या बाजूनें मेक्सिकन मजुरांचीं गाणीं कानांवर पडत. आसपास बोहेमियाहून आलेल्या लोकांची वस्ती. त्यांच्या पोल्का नाचाच्या ताफ्यांत हा दहाव्या वर्षीं गिटार वाजवीत असे. नवा ध्वनि म्हणून १९७५ सालीं ज्याचा गवगवा झाला, त्यांतला बराचसा भाग ह्या शेतांत आधींच पडलेला होता, असें मला तेथें उभें असतांना वाटलें. ज्या लहानशा पांढऱ्या मेथडिस्ट चर्चमध्यें हीं भावंडें गात, तें बंद पडण्याच्या बेतांत आलें तेव्हां २००६ सालीं दोघांनीं मिळून विकत घेऊन राखलें. बॉबी २०२२ सालीं वारली. बहीण-भाऊ जवळजवळ पन्नास वर्षें एकाच रंगमंचावर वाजवीत होतीं, हें ऐकून वहिनींचें त्या गवयाविषयींचें मत थोडें निवळलें. शेजारच्या वेस्ट नांवाच्या गांवांत झेक लोकांची 'कोलाची' नांवाची गोड पोळी मिळते. ती शाकाहारी मंडळींनीं अवश्य खावी, मात्र आंत फळ घातलेलीच मागावी.

ऑस्टिन हें टेक्ससच्या राजधानीचें शहर. विद्यापीठामुळें तरुणांनीं गजबजलेलें, मधून कोलोरॅडो नदी वाहते. (अमेरिकेंतील प्रसिद्ध कोलोरॅडो नदी ती वेगळी, ही टेक्ससपुरतीच.) १९७० सालीं येथें सैन्याच्या एका जुन्या कोठारांत 'आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स' नांवाचें गाण्याचें सभागृह निघालें. तेथें लांब केसांचीं, फाटक्या कपड्यांचीं विद्यार्थिमंडळी जमत. टोपी-बूट घातलेले शेतकरी त्या दिशेला फिरकतही नसत. उभय पक्षांचें वैर मारामारीपर्यंत जाई. १९७२ च्या १२ ऑगस्ट रोजीं नेल्सन तेथें प्रथम गायला, आणि हळूहळू दोन्ही पक्ष एकाच जमिनीवर शेजारीं शेजारीं बसून ऐकूं लागले. ज्या श्रोतृवृंदावर विसंबून त्यानें ती विरळ साथीची तबकडी भरण्याचें धाडस केलें, तो येथें तयार झाला होता. इतकें गाजलेलें हें सभागृह १९८० च्या अखेरच्या रात्रीं बंद झालें आणि पाडलें गेलें. आतां त्या जागीं कचेऱ्यांची उंच इमारत आहे, आणि एक स्मृतिफलक. आम्ही तो शोधून काढला. फलकाशेजारीं उभे राहून डबा खाणाऱ्या एका कारकुनाला आमचें कौतुक वाटलें असावें, कारण त्यानें आपण होऊन आमचें छायाचित्र काढून दिलें.

'ऑस्टिन सिटी लिमिट्स' हा येथील दूरचित्रवाणीचा गाण्याचा कार्यक्रम जगप्रसिद्ध आहे. त्याचा नमुन्याचा पहिला भाग १९७४ च्या ऑक्टोबरांत नेल्सनवरच चित्रित झाला. हल्लीं तो ज्या नाट्यगृहांत होतो, त्याच्या दारांत नेल्सनचा आठ फूट उंचीचा पुतळा आहे. २०१२ सालीं तो बसविला. समोरच्या रस्त्यालाही त्याचें नांव दिलेलें आहे. पुतळ्याच्या वेण्या पुढें सोडलेल्या, हातांत ट्रिगर. शिल्पकारानें गिटारीचें भोंकही सोडलेलें नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें ही तबकडी जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादींत घेतली आहे. १९७८ सालीं 'स्टारडस्ट' ह्या तबकडींत त्यानें शेतकऱ्यांची गाणीं बाजूस ठेवून जुनीं शहरी प्रेमगीतें गाइलीं, तेव्हांही कंपनीनें नाक मुरडलें होतें, आणि तीही तुफान खपली. २०२३ सालीं लॉस एंजेलिस येथें त्याच्या नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त दोन रात्रींचा जलसा झाला, त्यांत तो स्वतः गायला.

संध्याकाळीं नदीवरच्या पुलाखालून वटवाघळें उडतात, तें पाहावयास गांव लोटतें. ह्या काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू पुलाच्या फटींत उन्हाळ्यांत सुमारें पंधरा लाख वटवाघळें राहतात, आणि सूर्यास्ताच्या सुमारास धुराच्या लोटासारखीं पूर्वेकडे जातात. वहिनी आधीं शिसारी आल्यासारखें करीत होत्या. मग कठड्याला टेकून शेवटचें वटवाघूळ जाईपर्यंत उभ्या राहिल्या. परतीच्या वाटेवर पुतण्यानें गाडींत तीच तबकडी पुन्हां लावली. घोड्याच्या गाण्याची पाळी आली तेव्हां वहिनींनीं पुढें वांकून तेवढें एक बंद करावयास सांगितलें, आणि त्याच्यापुढचें लावावयास सांगितलें. पुतण्यानें तसें केलें.